धुतलेली जुनी रेकॉर्ड परत परत खरखरते? या क्रमाने तपासा

जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्यांची तक्रार जवळजवळ एकच असते, माणूस जळगावचा असो, धुळ्याचा असो की शहाद्याचा. "भो, धुतली तेव्हा झकास वाजली, पंधरा दिवसांनी काढली तर परत तीच खरखर." मग तो परत धुतो, परत दोन-चार दिवस बरं चालतं, परत खरखर, आणि शेवटी रेकॉर्डच गेलेली आहे म्हणून ती माळ्यावर जाते. हे दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. रेकॉर्ड खरंच गेलेली असणं हे सगळ्यात शेवटचं कारण. त्याच्या कितीतरी आधी दोन गोष्टी येतात, धुवायचं पाणी आणि धुतल्यावर जिच्यात परत घातली ती आतली जुनी पाकिटं. आणि आपल्या खान्देशात या दोन्ही गोष्टी जरा जास्तच नडतात, कारण बोअरचं पाणी जड आणि फुपाटा तर बाराही महिने.

क्रम मोडू नका एवढंच सांगणं. आधी फुकटची तपासणी, मग दहा-वीस रुपयांची, मग अंग मोडायची. लोक उलटं करतात, पहिल्याच दिवशी नवीन कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, मागवतात.

लक्षणं काय आहेत ते आधी नीट ऐका

खरखर म्हणजे सगळी सारखी नसते. घड्याळ समोर ठेवा. एलपी, म्हणजे विनाइलची मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. जर "टक... टक... टक" बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल तर तो ओरखडा आहे नाहीतर एका जागी काहीतरी चिकटलेलं आहे. ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डला, म्हणजे ईपीला, हेच अंतर साधारण १.३ सेकंद, आणि ७८ फेऱ्यांच्या तव्याला, म्हणजे लाखेच्या जुन्या जड रेकॉर्डला, पाऊण सेकंदाच्या थोडं वर.

तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज, कधी इथे कधी तिथे, कुठलाही ताल नाही, तर धूळ किंवा स्टॅटिक, म्हणजे रेकॉर्डवर साचलेली वीज. तीच रेकॉर्ड लगेच परत वाजवली आणि तडतड दुसऱ्याच जागी आली तर नक्कीच धूळ किंवा स्टॅटिक, कारण ओरखडा काही जागा बदलत नाही.

गाणं हळू असताना स्वच्छ, आणि गायिकेने वरचा सूर लावला की आवाज फाटतो, "स" आणि "श" फुसफुसतात, शेवटच्या गाण्यात जास्तच, हे लक्षण वाईट. याच्याबद्दल शेवटी बोलू.

पहिल्या गाण्यात ठीक आणि पुढे पुढे आवाज दबका होत जातो, मधेच भसाडा होतो, तर सुईवर कापूस जमतोय.

आणि रेकॉर्ड धुतल्यानंतर आधीपेक्षा जास्त, सगळीकडे एकसारखी बारीक खरखर आली असेल तर ते पाणी. हे लक्षण आपल्याकडे सगळ्यात जास्त आणि याच्यावरच लोकांचा विश्वास बसत नाही, कारण धुतल्यावर वस्तू घाण कशी होईल.

सुई उचला आणि ऐका

खर्च शून्य. प्लेअर चालू, अँप (ॲम्प्लिफायर) चालू, आर्म, म्हणजे सुईचा दांडा, वर उचललेला. खरखर तरीही येतेय का? येत असेल तर रेकॉर्डचा काही संबंध नाही, अँप, वायर नाहीतर व्हॉल्यूमचा पॉट. नॉब फिरवताना खर्रखर्र येते तो पॉट, म्हणजे नॉबच्या मागचा आतला भाग. रेकॉर्डी घासत बसून उपयोग नाही. हे तपासायला एक मिनिट लागतं पण ते कोणी करत नाही, सरळ बादली घेऊन बसतात.

आर्म वर असताना शांत असेल तर आता एखादी चांगली माहितीतली रेकॉर्ड लावा, जी नेहमी स्वच्छ वाजते. तीही खरखरली तर सुई किंवा प्लेअर. ती स्वच्छ वाजली तर मग दोष त्या एकाच रेकॉर्डचा, पुढे चला.

जुन्या अँपवर मोनोचं, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज देणारं, बटण असेल तर तेही दाबून बघा. साठच्या दशकातल्या आपल्या बऱ्याचशा एलपी मोनोच आहेत, एचएमव्हीच्या नंबराच्या आधी ईसीएलपी असेल तर मोनो आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, धुळीचे धक्के मात्र सुईला वर-खालीही उडवतात आणि तो वर-खालीचा आवाज मोनो बटणाने कापला जातो. कित्येकांची अर्धी तक्रार या एका बटणाने मिटते आणि रेकॉर्डला हातही लावावा लागत नाही.

सुई बघा, मोबाईलच्या टॉर्चने

खाली वाकून बघा, सुईच्या टोकाला राखाडी कापसाचा गोळा असेल. तो बोटाने काढायचा नाही, फुंकायचाही नाही, थुंकी उडते. छोट्या मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बाजूने तुमच्याकडे, असं हलकेच ओढायचं. उलट्या दिशेने किंवा आडवं कधीच नाही, सुई ज्या काडीवर बसलेली असते ती काडी वाकते आणि मग नवीन सुई आलीच.

जुना एचएमव्ही किंवा फिलिप्सचा सेट असेल तर अजून एक बघा. त्यातल्या बऱ्याच कार्ट्रिजला एक छोटी कळ असते, एका बाजूला एलपी आणि दुसऱ्या बाजूला ७८. ती कळ चुकीकडे फिरलेली असणं हे मी फार वेळा बघितलंय. ७८ ची चर, म्हणजे सुई जिच्यातून जाते ती खाच, रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुई लागते आणि एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. बारीक सुई ७८ च्या चरीत गेली की ती भिंतींना टेकतच नाही, तळाला बसते आणि तळातला सत्तर वर्षांचा गाळ खरवडत जाते. ऐकणाऱ्याला वाटतं तवा खराब आहे.

आणि हो, सुई उडते म्हणून हेडवर रुपयाचं नाणं ठेवायची जुनी खोड. हल्लीची रुपयाची नाणी तीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतात. आजकालच्या बऱ्याचशा मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आगेमागे वजन लागतं. म्हणजे नाणं ठेवलं की अडीच-तीन पट. उडायचं थांबतं, पण चर खाल्ली जाते. उडत असेल तर आधी प्लेअरखालचं टेबल सपाट आहे का ते बघा, मग काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, कंपनीने सांगितलंय तसं लावा, सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

कोरडा ब्रश आणि स्टॅटिक

एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, त्या हवेत पाकिटातून झटक्यात ओढलेली रेकॉर्ड खोलीतली सगळी धूळ अंगावर घेते. थंडीतही तेच. ओळखायचं कसं, रेकॉर्ड उचलली की तिच्याबरोबर प्लेअरवरचं फेल्टचं मॅटही चिकटून वर येतं, नाहीतर हाताचे केस उभे राहतात.

उपाय, कार्बन फायबरचा ब्रश. रेकॉर्ड फिरत असताना दोन-तीन फेरे नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, मग हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवत काढून घ्यायचा. ब्रशच्या धातूच्या भागाला बोट लागलेलं असू द्या, म्हणजे चार्ज तुमच्यातून निघून जातो. रेकॉर्ड पाकिटातून हळू काढा. फेल्टचं मॅट काढून कॉर्कचं टाकलं तरी फरक पडतो. आणि कूलर. कूलरच्या थेट झोतात प्लेअर ठेवू नका, दमटपणाने स्टॅटिक कमी होतं हे खरं पण कूलर बाहेरचा फुपाटा आणि गवताचे तूस पण आत आणतो. त्यापेक्षा खोलीत एखादं ओलं कापड वाळत घाला.

ब्रश रोज फिरवायची सवय ठेवा, प्रत्येक बाजू वाजवायच्या आधी. वरची धूळ काढली नाही तर सुई तीच धूळ चरीत ठोकत जाते आणि मग ती ब्रशने निघत नाही.

आतलं पाकीट बदला, पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका

इथे खरा चोर सापडतो. जुन्या रेकॉर्डीचं आतलं पाकीट घ्या, काळ्या कागदावर किंवा काळ्या टी-शर्टवर उलटं धरा आणि टिचकी मारा. तपकिरी भुकटी पडते बघा, कागद कुजून झालेली, त्यात वाळूचे कण, कधी मेलेली कसर. एकदा मी टॉर्च आत घालून बघितलं तर पाकिटाच्या खालच्या शिवणीत पूर्ण लांबीभर बारीक रेती साचलेली होती, आणि तिथेच तर रेकॉर्डची कड टेकून असते. तुम्ही कितीही चांगली धुवा, आत सरकवताना दोन्ही बाजू त्या भुकटीवरून घासत जातात आणि काढताना परत घासतात. पंधरा दिवसांनी खरखर परत का आली याचं उत्तर हेच.

जुनं पाकीट फेकून द्या. त्याच्यावर कंपनीची जाहिरात वगैरे छापलेली असेल आणि जीव अडकला असेल तर जॅकेटच्या मागे वेगळं ठेवा, पण रेकॉर्ड त्यात घालू नका. नवीन पाकीट पॉलिथिनचं अस्तर असलेलं किंवा तांदळाच्या कागदासारखं दिसणारं अँटीस्टॅटिक घ्या. बाहेरून घालायचं प्लास्टिक कव्हर पीव्हीसीचं नको, म्हणजे ते जाड, चकचकीत, वास येणारं, शाळेच्या वहीला घालायचो तसलं. त्यातलं मऊपणा आणणारं तेल वर्षानुवर्षं झिरपतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पडतो जो धुतल्याने जात नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीन चालतं.

आता पाणी

धुतल्यावर जास्त खरखर वाटते त्या रेकॉर्डला ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. पांढुरकी वर्तुळं दिसतात, थेंब जिथे वाळला त्याची कड. स्टीलच्या बादलीला जसा पांढरा थर बसतो तोच क्षार. एलपीची चर साधारण ५० मायक्रॉनची, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. त्यात पाणी वाळलं की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो, आणि सुई त्या खड्यांवरून जाते. माझ्या ओळखीतल्या चोपड्याच्या एका काकांनी अख्खी पेटी बोअरच्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने घासली होती, इतकी मनापासून की लेबलंसुद्धा पांढरी पडली, आणि मग सगळ्या रेकॉर्डी "धुतल्यापासून बिघडल्या". बिघडल्या नव्हत्या. डिस्टिल्ड पाण्याने परत धुतल्यावर बऱ्याचशा सुधारल्या.

पाणी डिस्टिल्डच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं, ते चालतं, फक्त दुकानदाराला नीट सांगा की पाणी पाहिजे, ॲसिड नको. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं पण त्यातही क्षार असतात, शेवटच्या खळबळायला ते वापरू नका. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी फुकट आहे म्हणून बरेच जण धरून ठेवतात, त्यात एसीच्या जाळीतली धूळ आणि बुरशी येते, सोडा ते.

एलपी आणि ईपी म्हणजे विनाइल. त्यासाठी १ लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात १०० ते १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे दोन थेंब. दोनच. साबण कशाला, तर नुसतं पाणी वरच्या ताणामुळे चरीत उतरतच नाही, वरून घरंगळून जातं, साबणाने ते खाली बसतं. पण साबण जास्त झाला की तोच चरीत वाळून नवीन खरखर. मेडिकलमधलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि वास असतो. काच पुसायचा निळा स्प्रे नाही, रॉकेल नाही, खोबरेल तर नाहीच नाही. काही भंगारवाले विकताना रेकॉर्ड चमकावी म्हणून तेलाचा हात मारून देतात, तशी वाटली तर पहिल्या धुण्याआधी वाजवूच नका, सुई तेलाने माखते.

धुताना लेबल वाचवा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं गोल झाकण दाबून धरलं तरी चालतं. मऊ ब्रश किंवा मखमली कापड घ्यायचं आणि चरीच्या दिशेने गोल गोल फिरवायचं, मधून बाहेर आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत एकदा, आणि ही पायरी लोक खातात. साबण निघाला नाही तर सगळी मेहनत वाया. पुसायला मायक्रोफायबर, जुनी बनियन नको, तिचे तंतू राहतात. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम, रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, पंखा बंद, खिडकी बंद. उन्हात अजिबात नाही. आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, पावसाळ्यात तर एक रात्र जाऊ द्या.

फेविकॉल ओतून पापुद्रा काढायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मी सांगत नाही कोणाला. थर एकसारखा नाही बसला आणि तुकडा चरीत राहिला तर आधीची खरखर परवडली म्हणायची वेळ येते. ७८ च्या तव्यावर तर स्वप्नातही नको.

७८ चे तवे वेगळे, त्यांना स्पिरिट लावलं की गेले

जड, जाड, वाकत नाही, टिचकी मारली तर खापरासारखा आवाज, एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास एकच गाणं, तो ७८ चा तवा. परदेशात १९४८ साली विनाइलची एलपी आली पण आपल्याकडे कोलकात्याजवळच्या डमडमच्या एचएमव्हीच्या कारखान्यातून हे तवे जवळजवळ १९७० पर्यंत निघत होते, म्हणून जुन्या वाड्यांमध्ये बालगंधर्वांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळं त्यात मिळतं. हे तवे लाखेचे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले तेच तर करतात. एलपीसाठी केलेलं मिश्रण तव्यावर टाकलं की चर अक्षरशः मऊ पडते. त्यामुळे तव्याला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एक थेंब, ओलं कापड फिरवायचं, लगेच पुसायचं, बुडवून ठेवायचं नाही. कड फुटलेली असेल तर अजून जपा, काही तव्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, पाणी गेलं की फुगतो.

आणि तव्याची थोडी "सर्रर्र" ही जन्मजात आहे. लाखेत मुद्दाम दगडाची बारीक पूड मिसळायचे, लोखंडी सुई झिजून चरीच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणूनच चावीच्या ग्रामोफोनवर दर बाजूला नवीन सुई लावायची पद्धत. ती सर्रर्र काढायच्या मागे लागू नका. एलपी मात्र चावीच्या ग्रामोफोनवर कधीच लावू नका, एका वाजवण्यात जाते.

बुरशी

पांढरे किंवा राखाडी ठिपके, पाण्याच्या डागासारखे गोल कडेचे नाहीत तर फांद्या फुटल्यासारखे, आणि कुबट वास. पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या रेकॉर्डीत हमखास. मास्क लावून गच्चीवर काढा, घरात नको. विनाइलला वरचंच मिश्रण चालतं, फक्त दहा मिनिटं मुरू द्या. आतलं पाकीट जाळा नाहीतर फेका. जॅकेटवर बुरशी असेल तर ते इतरांच्या शेजारी ठेवू नका, वेगळं, हवेशीर. डांबरगोळ्या टाकू नका, वास जॅकेटमधून वर्षभर जात नाही आणि बुरशीला काही होत नाही.

ठेवायचं कुठे, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून

पत्र्याच्या घरातला माळा ही सगळ्यात वाईट जागा. विनाइल ६० अंशांच्या आसपास आकार सोडायला लागतं, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून बघा. बंद गाडीतही तेच, बाजारातून रेकॉर्डी घेतल्या आणि लग्नाला जाऊन आलात तर परत आल्यावर त्या वाटीसारख्या झालेल्या असतील. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर नको, वाळवी चढते. धाब्याचं जुनं घर असेल तर खालची आतली खोली झकास, ती तशीच थंड असते, फक्त वरून माती गळते म्हणून वर कापड टाका.

उभ्या ठेवायच्या, ताठ, तिरक्या नाही. एकावर एक रचल्या की खालच्यांवर भार येतो आणि मधल्या धुळीच्या कणाचा छापा चरीवर उठतो. फार ठासूनही भरू नका. १०० एलपी जॅकेटसकट २५ किलोच्या आसपास जातात, म्हणून प्लायचं हलकं फडताळ खचतं, लोखंडी कपाट बरं. तवेही उभेच, पण प्रत्येक स्वतंत्र पाकिटात आणि दोन्ही बाजूंनी आधार.

थोडी वाकलेली एलपी असेल तर दोन सपाट काचांमध्ये ठेवून वर वजन, थंडीच्या दिवसांत, आणि महिनोन्महिने वाट बघायची. हेअर ड्रायर, पोळीचा तवा, ऊन, ओव्हन, इस्त्री, सगळे प्रकार मी बिघडलेल्या अवस्थेत बघितले आहेत.

इथे थांबा

एवढं सगळं करून टकटक त्याच १.८ सेकंदाला, त्याच जागी, तर तो ओरखडा, धुवून जाणार नाही. वरच्या सुरात आवाज फाटत असेल तर चर झिजलेली आहे, तीही परत येत नाही. आपल्याकडे मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांकडून आलेल्या रेकॉर्डीत हे फार. पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या लाऊडस्पीकरवाल्याने पेटी देतानाच सांगितलं, "ह्या तवा बठ्ठा लगीनमा वाजेल शेतस," म्हणजे हे सगळे तवे लग्नांत वाजलेले आहेत. दर लग्नसराईत जड आर्मखाली तेच एक गाणं, टॉर्च मारली तर त्या गाण्याचा पट्टा बाकीच्यांपेक्षा राखाडी दिसतो. अशा रेकॉर्डीवर एकच गोष्ट करून बघण्यासारखी आहे, वेगळ्या आकाराची सुई, ती चरीच्या न झिजलेल्या उंचीवर बसली तर आवाज सुधारतो, नाही बसली तर नाही. घासून मात्र काही होणार नाही.

मेकॅनिककडे कधी जायचं ते सरळ सांगतो. आर्म वर असतानाही आवाज येतो आणि वायर घट्ट करून गेला नाही, मोटर गरम होते किंवा जळका वास येतो, प्लेअरच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, फेरे मधेच मंद होतात आणि मोटरचा रबरी पट्टा बदलूनही तसंच, यातलं काहीही असेल तर प्लग काढा आणि झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो आणि जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तो जीवघेणा असतो. जुने रेडिओ-अँप दुरुस्त करणारा माणूस शोधा, मोबाईलवाला नाही. कार्ट्रिजच्या मागच्या चार केसासारख्या वायरी तुटल्या असतील तरी त्यालाच द्या, घरच्या सोल्डरिंगने कार्ट्रिज जळतं.

आणि रेकॉर्ड दुर्मिळ असेल, घरातल्याच कुणाचा आवाज असेल किंवा तडा गेलेला तवा असेल, तर वर लिहिलेलं काहीच करू नका, डिंक-चिकटपट्टी तर नाहीच. दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मधे आडवा ठेवा, तडा गेलेल्या तव्यापुरतं उभं ठेवायचा नियम सोडा, आणि तवे डिजिटल करणाऱ्या अनुभवी माणसाला विचारा. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांचीच संस्था, तिथल्या लोकांपासून चौकशीला सुरुवात करता येईल. नेताना तवा हातात धरून रेल्वेने न्या, मोटरसायकलच्या डिकीतून नको.